घटातले पाणी कोण पिते?

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. आज घरोघरी घट बसतील. शेतातील काळी माती चाळून परडीत किंवा पत्रावळीवर पसरली जाईल. तीत गहू, ज्वारी, जव, हरभरा अशी धान्ये पेरली जातील. मधोमध कुंभाराकडून आणलेला मातीचा नवा घट पाण्याने भरून ठेवला जाईल. त्याच्या मुखावर विड्याची पाने आणि नारळ येईल, शेजारी नंदादीप तेवू लागेल आणि फुलांची पहिली माळ घटावर सोडली जाईल. नऊ दिवसांच्या नऊ माळा. दसऱ्याला घट उठतील तेव्हा परडीत वीतभर उंचीचे पिवळेधमक अंकुर डोलत असतील. देवीचा प्रसाद म्हणून ते पुरुषमंडळी टोपीत खोवतील आणि लेकीसुना केसांत माळतील.

या साऱ्या मांडणीत सर्वांत साधी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर आपण सहज उत्तर देऊ, पाणी. नारळ पारखून आणावा लागतो, घट वाजवून घ्यावा लागतो, फुलांसाठी पहाटे उठावे लागते. पाणी मात्र तांब्याभर घेतले की झाले. आणि तरीही कलशपूजनाच्या वेळी आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सप्तनद्यांना आवाहन करतो ते त्या तांब्याभर पाण्यातच. घटाला आपण जगदंबेचे रूप मानतो, आणि त्या घटात असते ते केवळ पाणी. असे काय आहे या पाण्यात?

लहानपणीची एक आठवण आम्हांस या दिवशी हटकून येते. आमच्या घरी घट बसवण्याचा मान आजीचा. एकदा घट बसला की त्याला कोणी हात लावायचा नाही, असा तिचा दंडक होता. परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी ती घटाकडे नुसती निरखून पाही आणि पानांच्या फटीतून तांब्यातील पाण्याची बारीक धार आत सोडी. घट न उघडता आतले पाणी उणे झाल्याचे तिला कसे कळे, याचे आम्हांस मोठे नवल वाटे. पुढे ध्यानात आले की, आत जिथवर पाणी असते तिथवरच घटाच्या अंगाला ओल दिसते. ती ओल खाली सरकली की पाणी घालण्याची वेळ झाली. आम्ही एकदा तिला विचारले, ‘‘आजी, घट तर झाकलेला आहे. मग आतलं पाणी कोण पितं गं?’’

आजी म्हणाली, ‘‘जगदंबा पिते, बाळा. नीट बघ तू. ती पिते आणि परत देते.’’

त्या उत्तरावर आम्ही तेव्हा हसलो होतो. पुढे शाळेत, मग ग्रंथांतून पाण्याचे गुणधर्म जसजसे समजत गेले, तसतसे ते हसू ओसरत गेले. आजच्या मंगल दिनी त्या एका प्रश्नाचे बोट धरून पाण्याची थोडी ओळख करून घ्यावी, असा आमचा मानस आहे.

नित्य बहुवचनी

संस्कृत भाषेत पाण्याला अनेक नावे आहेत. अमरकोशात त्याला ‘जीवन’, ‘अमृत’ आणि ‘भुवन’ असेही म्हटले आहे. त्यांतील ‘आपः’ हे नाव मोठे विलक्षण आहे. हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तो नेहमी अनेकवचनीच चालतो. ऋग्वेदातील सूक्तांत स्तविलेल्या आपोदेवता म्हणजे एक देवी नव्हे, तर अनेक माता. आमच्या पूर्वजांना पाण्याच्या रेणूची रचना ठाऊक होती, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. श्रद्धेला अशा कुबड्यांची गरज नसते. परंतु विज्ञानाने पाण्याविषयी जे सांगितले आहे, त्याला हा अनेकवचनी शब्द जितका साजतो तितका दुसरा क्वचितच साजेल.

पाणी हे मूलतत्त्व नसून हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंच्या संयोगाने ते बनते, हे १७८० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश आणि फ्रान्समध्ये लव्हाझिए यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असे तीन अणू असतात. हे तिघे एका सरळ रेषेत नसतात. हायड्रोजनचे दोन्ही अणू एका बाजूस झुकलेले असून त्यांच्यामध्ये सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. या वाकड्या बैठकीमुळे रेणूच्या ऑक्सिजनकडील टोकाला किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील टोकांना किंचित धन विद्युतभार येतो. मग एका रेणूचे धन टोक शेजाऱ्याच्या ऋण टोकाला ओढून घेते. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात.

हा बंध दुबळा असतो. तो एका सेकंदाच्या लक्षकोटीव्या भागाएवढ्या अल्पकाळात तुटतो आणि लगेच दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. याच दिवसांत मुली भोंडल्याचा फेर धरतात, तेव्हा एक हात सुटतो, दुसरा धरला जातो, पण फेर काही मोडत नाही. पाण्याचे तसेच आहे. एकट्या रेणूला ना ओलावा, ना प्रवाह, ना थेंबाचा गोलवा. हे सारे गुण अनेकांनी एकमेकांचे हात धरल्यामुळे येतात.

हे हात नसते तर काय झाले असते? ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला, परंतु घडण तीच असलेला हायड्रोजन सल्फाइड हा पदार्थ पाहावा. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड. तरीही तो शून्याखाली सुमारे ६० अंशांवरच उकळतो, म्हणून आपल्याला तो दुर्गंधी वायूच्या रूपातच भेटतो. पाण्याच्या रेणूंनी एकमेकांना धरून ठेवले नसते तर तेही असेच वायुरूप राहिले असते. मग पृथ्वीवर नदी नाही, समुद्र नाही, तीर्थ नाही आणि ते ओंजळीत घेणारा जीवही नाही.

पाझर आणि अंकुर

आता घटाकडे वळू. कुंभाराने भाजलेल्या मातीच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. पाण्याचे रेणू जसे एकमेकांना धरतात, तसेच मातीच्या कणांनाही धरतात. त्यामुळे पाणी त्या छिद्रांतून हळूहळू बाहेरच्या अंगास येते. तेथून त्याचा एक भाग खाली परडीतील मातीत उतरतो आणि दुसरा हवेत उडून जातो. मातीत उतरलेले पाणी तळाशी साचून राहत नाही. कणाकणांमधील चिंचोळ्या वाटांनी ते आडवे पसरते आणि वरही चढते. शेजारच्या नंदादीपाच्या वातीतून तेल ज्या रीतीने ज्योतीपर्यंत चढते, त्याच रीतीने. देवीच्या एका बाजूस वात तेल उचलीत असते आणि दुसऱ्या बाजूस माती पाणी उचलीत असते. दोन्ही कामे अहोरात्र, आवाज न करता चाललेली.

त्या मातीत दाणे असतात. साठवणीतील सुक्या दाण्यात शंभर भागांत जेमतेम दहा-बारा भाग पाणी असते. इतक्या कमी पाण्यात जीवाचे व्यवहार जवळजवळ थांबतात. दाणा मेलेला नसतो, निजलेला असतो. ओल लागताच तो पाणी शोषून फुगतो, त्याची साल तडकते आणि आतील विकरे जागी होतात. विकरे म्हणजे जीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने. ती दाण्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. पिष्टाच्या लांब साखळीचा एकेक दुवा सुटताना पाण्याचा एकेक रेणू खर्ची पडतो. म्हणजे पाणी हे येथे केवळ वाहून नेणारा हमाल नसते. ते स्वतः त्या कामात वेचले जाते.

मग कोंब वर येतो. त्या कोवळ्या कोंबाला ना हाड, ना लाकूड. पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर तो ताठ उभा राहतो आणि डोक्यावरील मातीचे ढेकूळ बाजूस सारतो. पाणी कमी पडले की मान टाकतो. पेशींच्या पातळ आवरणातून पाणी इतक्या चपळाईने कसे ये-जा करते, हे कोडे बराच काळ होते. अमेरिकेतील पीटर अॅग्रे यांनी १९९२ साली पेशीच्या आवरणातील पाण्याच्या खास वाटांचा शोध लावला. या वाटा इतक्या अरुंद असतात की, पाण्याचे रेणू त्यांतून एकामागून एक, वारीतील दिंडीसारखे जातात. या कार्याबद्दल त्यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

घटाचे अंकुर पिवळे असतात, याचे कारण देवघराचा अंधार. तीच परडी उन्हात ठेवली असती तर पाने हिरवी झाली असती आणि त्यांनी आणखी एक थोर कार्य आरंभिले असते. हिरवी पाने सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विभाजन करतात आणि त्यातील ऑक्सिजन हवेत सोडतात. हा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यातून येतो, याचा पुरावा १९४१ साली रूबेन आणि केमेन यांच्या प्रयोगांतून मिळाला. म्हणजे या क्षणी वाचक जो श्वास घेत आहेत, त्यातील प्राणवायू कधीतरी कोणत्यातरी पानातील वा शेवाळातील पाण्याचा अंश होता. ‘जीवन’ हे पाण्याचे नाव किती यथार्थ आहे!

नारळाला पाणी कोणी पोचवले?

घटावरील नारळ कानाशी धरून हलवला की आत पाणी वाजते. ते पाणी तेथे कोणी नेऊन ठेवले? कोकणात माड साठ-सत्तर फूट उंच सहज वाढतो. एवढ्या उंचीवर पाणी चढवण्यासाठी आपल्याला पंप लागतो, वीज लागते. माडापाशी यांतील काहीच नसते.

या कोड्याची उकल डब्लिन येथील डिक्सन आणि जोली यांनी १८९४ साली मांडली, आणि तिचा गाभा आजही मान्य आहे. झाडाच्या शेंड्यावरील पानांतून पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाते. निघून जाणारा रेणू आपल्या मागच्या रेणूला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, आणि अशी ती अखंड साखळी झावळीपासून मुळांपर्यंत पोचते. पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते. रेणूंनी धरलेले हात सुटले असते तर ही साखळी मध्येच तुटली असती आणि वृक्ष नावाची वस्तू गवताहून फारशी उंच झाली नसती. वड, पिंपळ, औदुंबर, माड हे सारे पाण्याच्या या एका गुणावर उभे आहेत. नारळ वाढवताना जे पाणी आपण तीर्थ म्हणून जपून घेतो, ते या चढणीचा प्रसाद होय.

उष्णतेचा भार वाहणारे

घटाच्या ओल्या अंगाला बोट लावले तर ते गार लागते. माठातील पाणी थंड होते त्याचेच हे रूप. पाण्याचा जो रेणू वाफ होऊन उडतो, त्याला शेजाऱ्यांचे सारे हात सोडवून घ्यावे लागतात. त्यासाठी लागणारी उष्णता तो मागे राहिलेल्या पाण्यातून घेऊन जातो. आपल्याकडील नेहमीच्या तपमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते.

घटाच्या अंगी जे घडते तेच आपल्या देहाच्या अंगी घडते. कोजागरी पौर्णिमेला भवानीच्या दर्शनासाठी सोलापुराकडून तुळजापूरची वाट पायी चालणारे भाविक आपण पाहतो. आश्विनातील ऊन, डांबरी रस्ता आणि अनवाणी पाऊल. चालणाऱ्याच्या स्नायूंत उष्णता सारखी निर्माण होत असते. ती साठून राहिली तर ताप चढून माणूस कोसळेल. परंतु घाम येतो, तो वाळतो आणि उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम अंगावर पुरता वाळला तर खोलीच्या तपमानाचे जवळजवळ आठ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता शरीरातून निघून जाते. म्हणून वाटेवर भाविकांना पाणी देणारा आणि देवळात अभिषेक करणारा या दोघांच्या पुण्यात आम्ही तरी भेद करणार नाही.

पाण्याचा आणखी एक स्वभाव असा की, ते लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. एक ग्रॅम पाण्याचे तपमान एका अंशाने वाढवण्यास जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत दहा ग्रॅमहून अधिक तांबे एका अंशाने तापेल. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हाही मुंबईत तो बहुधा ३३-३४ च्या आसपास असतो, तो समुद्राच्या या धीम्या स्वभावामुळे. आपल्या देहातही सुमारे साठ टक्के पाणी आहे. बाहेर थंडी असो वा ऊन, आतील तपमान एकदम ढळत नाही, त्याचे एक कारण हे पाणीच होय.

मानससरोवराचे पांघरूण

बहुतेक पदार्थ थंड होताना आकुंचन पावतात आणि गोठले की अधिक जड होऊन तळाशी जातात. पाणी चार अंश सेल्सियसपर्यंत या नियमाने वागते. त्याखाली मात्र ते उलटे वागू लागते. चार अंशांखाली ते प्रसरण पावते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. रेणू एकमेकांचे हात धरून जी जाळीदार बैठक मांडतात, तीत मोकळी जागा अधिक राहते. म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो.

हा अपवाद नसता तर शीत प्रदेशांतील सरोवरे तळापासून गोठत वर आली असती आणि त्यांतील जीवसृष्टी बर्फात चिणली गेली असती. प्रत्यक्षात कैलासाच्या पायथ्याचे मानससरोवर हिवाळ्यात गोठते ते वरून. पृष्ठावर बर्फाचे जाड पांघरूण पडते. त्या पांघरुणाखाली पाणी प्रवाही राहते आणि त्या पाण्यात मासे हिवाळा काढतात. ज्या सरोवराचे दर्शन व्हावे म्हणून भाविक आयुष्यभर वाट पाहतो, त्यातील लहानशा जीवाचीही काळजी पाण्याच्या या एका अपवादाने वाहिली आहे.

सर्वांना सामावून घेणारे

पाण्याचा सर्वांत थोर, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सर्वांत नाजूक गुण म्हणजे त्याची सामावून घेण्याची शक्ती. मिठाचा खडा पाण्यात टाकला की पाण्याचे रेणू त्याच्या धन आणि ऋण कणांभोवती गोळा होतात आणि त्यांना अलगद सुटे करून आपल्यात घेतात. मीठ, साखर, क्षार, आम्ले, वायू, पाणी कितीतरी पदार्थांना जागा देते. आपले रक्त म्हणजे असेच एक वाहते पाणी. अन्नरस, क्षार आणि टाकाऊ द्रव्ये यांना घेऊन ते देहभर फिरते. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून काढतात आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता सर्व परत रक्तात घेतात. पाणी प्यायले जाते आणि परत दिले जाते. देहातही तोच क्रम आहे.

या गुणाने माणसाचे प्राण कसे वाचतात, याचे एक उदाहरण १९७१ सालचे आहे. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. पटकीत देहातील पाणी आणि क्षार इतक्या वेगाने जातात की, काही तासांत माणूस दगावतो. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा अपुरा पडला. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा ठराविक प्रमाणात मिसळून त्यांच्या पुड्या बांधून घेतल्या आणि ते मिश्रण स्वच्छ पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजण्यास त्यांच्या नातलगांना शिकवले. आतड्याची भिंत साखर आणि मीठ एकत्र आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत शिरते, हे त्यामागील तत्त्व. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीसच्या घरात होते, ते चारच्याही खाली आले. ज्या पाण्याने रोग आणला होता, त्याच पाण्याने, स्वच्छ होऊन, चिमूटभर मीठ आणि साखर पोटात घेऊन, जीव राखला. महालनबीस २०२२ साली निवर्तले; २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

‘पाण्यात जीव राहिला नाही’

सामावून घेणाऱ्याचा एक दोष असतो. त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. मिठाला जागा देणारे पाणी विषालाही जागा देते.

आमच्या गावाबाहेर एक तळे होते. दसऱ्याला साऱ्या गावाचे घट, नऊ दिवसांच्या माळा, पत्रावळी, केळीचे खांब, सारे काही त्या तळ्यात जाई. आम्ही मुलेही डोक्यावर परड्या घेऊन मोठ्या उत्साहाने जात असू. एके वर्षी पाऊस कमी झाला होता आणि तळे निम्मेच भरले होते. दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी पहाटेच एक म्हातारा भोई दाराशी आला आणि आजोबांना म्हणाला, ‘‘आबा, मासं वर आल्यात. तोंडं उघडून हवा मागत्यात. पान्यात जीव ऱ्हायला न्हाई.’’

आम्ही आजोबांच्या मागून धावलो. तळ्यावर कुजलेल्या झेंडूचा दर्प येत होता. काठाशी शेकडो मासे पृष्ठाशी तोंड आणून तडफडत होते. कित्येक उताणे होऊन तरंगत होते. ज्या पाण्यात आम्ही देवीला निरोप दिला होता, त्याच पाण्यात हे घडले होते.

भोयाचे शब्द शब्दशः खरे होते. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात, आणि तो असतो किती? एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश तपमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर आठ मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी जितके गरम, तितका तो आणखी कमी. फुले आणि पाने कुजतात म्हणजे सूक्ष्म जंतू ती खातात, आणि खाताना हा तुटपुंजा साठा संपवत जातात. रात्री प्रकाश नसल्याने पाणवनस्पतीही नवा प्राणवायू देत नाहीत, उलट आहे तोच वापरतात. म्हणून पहाटे पाणी सर्वांत निष्प्राण होते, आणि म्हणूनच भोई पहाटे आला होता.

स्नानासाठी योग्य पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. आपल्या किती तीर्थस्थानी बारा महिने तो पाळला जातो, याचा विचार भाविकांनीच करावा. नद्यांच्या मलिनतेत सर्वांत मोठा भार शहरांच्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा आहे, निर्माल्याचा नव्हे, हे आम्ही जाणतो. त्याचा जाब संबंधितांना विचारलाच पाहिजे. परंतु जे आपल्या हातून पाण्यात पडते, त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. आणि धर्माचा कौल याबाबतीत संदिग्ध नाही. तैत्तिरीय आरण्यकात पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. पाण्याला देवता म्हणणाऱ्यांनी पाण्याशी कसे वागावे, याचा तो दंडकच आहे.

त्या वर्षी घरी परतल्यावर आजी बराच वेळ काही बोलली नाही. पुढच्या दसऱ्याला तिने आमच्या घरचा घट तळ्यावर जाऊ दिला नाही. घटातील उरलेले पाणी तिने तुळशीला घातले. निर्माल्य परसातील आंब्याखाली खड्डा करून पुरले. परडीतील माती शेतातून आली होती, ती शेतात परत गेली. शेजारच्या काकूंनी विचारले, ‘‘विसर्जन नाही का करायचं, आई?’’ तेव्हा आजी म्हणाली, ‘‘मातीतून आलं ते मातीत शिरवलं, हेच विसर्जन. देवीला निरोप द्यायचा, तो तिच्या लेकरांचा श्वास कोंडून नव्हे.’’

आजीला प्राणवायूचे मिलिग्रॅम ठाऊक नव्हते. तिला माशांची उघडी तोंडे ठाऊक होती. आणि तेवढे तिला पुरे झाले.

घट उठताना

वाचकहो, येत्या दसऱ्याला आपणही असेच करावे, ही आमची विनंती आहे. घटातील पाणी तुळशीला किंवा झाडाला द्यावे. माती कुंडीत, बागेत वा शेतात घालावी. माळा आणि पाने परसातील खड्ड्यात पुरावीत. शहरात राहणाऱ्यांनी ती निर्माल्य कलशात टाकावीत, परंतु प्लॅस्टिकच्या पिशवीसह नव्हे. नारळाचा प्रसाद सर्वांनी वाटून घ्यावा. मातीचा घट अखंड असेल तर त्यात पाणी भरून अंगणात किंवा गच्चीत पाखरांसाठी ठेवावा. वाहत्या पाण्याचा स्पर्श झाल्याखेरीज ज्यांच्या मनाचे समाधान होत नाही, त्यांनी एक अंकुर आणि एक फूल नदीला वाहावे. भाव मोठा असला की फूल एकच पुरते.

आज घट बसवताना तांब्यातून पाण्याची धार सोडाल, तेव्हा क्षणभर थांबून तिच्याकडे पाहावे. असंख्य रेणू हात धरून त्या धारेतून उतरत असतील. तेच पुढे मातीत पाझरून दाण्याला जागवतील, कोंबाला ताठ उभे करतील, हवेत उडून घटाला गारवा देतील, ढग होतील आणि पुन्हा केव्हातरी कोणाच्या तरी अंगणात उतरतील. घरातील एखादे लहान मूल त्या वेळी विचारील की, झाकलेल्या घटातले पाणी कोण पिते? आमच्याजवळ आता त्याचे विज्ञानाने दिलेले लांबलचक उत्तर आहे. तेही त्याला जरूर सांगावे. परंतु आधी आजीचे उत्तर सांगावे, कारण आमच्या अनुभवाने दोन्ही उत्तरे एकच ठरली आहेत.

जगदंबा पिते, बाळा. ती पिते आणि परत देते. आपणही तिला तिचे पाणी तसेच स्वच्छ परत द्यावे.